हॉल पाइटलमधली भिंत

१

शनिवारी सकाळी क्लिफर्डच्या हातात यंत्र आणि माझ्या हातात दोरीचं टोक, असं आमचं वसंत लागल्यापासून चाललं होतं. इतर बायकांचे नवरे निवृत्त झाले की गुलाब लावतात, नाहीतर दिवसभर घरात पायापायांत येतात. माझा नवरा शेतकरी डडली गॅरडच्या कुरणात जमिनीला सुया टोचत फिरायचा. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात जन्म गेला त्याचा, हातात काहीतरी लोखंडी असल्याशिवाय त्याला करमत नाही.

हे वेड मूळचं रोझलिंडचं. रोझलिंड पेटिफर म्हणजे गावच्या शाळेतली भूगोलाची निवृत्त बाई आणि आमच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, जे म्हणाल ते. मंडळात माणसं मोजकीच, त्यातली निम्मी चहाला येणारी. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या सफोकमधलं गवत वाळून पिवळं पडलं, पण हॉल पाइटल या कुरणात गवताचा एक पट्टा तीन बाजूंनी हिरवागार राहिला. पाइटल म्हणजे इकडच्या बोलीत लहानसं कुरण. नावात हॉल, म्हणजे जमीनदाराचा वाडा आहे, पण तिथं वाडा काय, साधी गुरांची छपरी कुणी पाहिलेली नाही. रोझलिंडनं तो पट्टा पाहिला आणि तिची झोप उडाली. तिचं म्हणणं, हा बुजलेला खंदक आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी जरा बरी परिस्थिती असलेले लोक घराभोवती चौकोनी खंदक खणून पाणी भरायचे. शत्रूसाठी कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला जास्त. आता चौथी बाजू सापडली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

यंत्र म्हणजे दोन टोकदार पायांची एक चौकट आणि वर एक डबी. पाय मातीत रोवले की खालून वीज जाते. ओली माती ती सहज जाऊ देते, दगड अडवतो. डबी बारीक आवाज करते, आकडा साठवते, मग पुढचं पाऊल. खुणा केलेली लांब दोरी सरळ टाकायची, तिच्या कडेनं टोचत जायचं, दोरी थोडी सरकवायची आणि परत यायचं. वाटेत झाड नाहीतर डबकं आडवं आलं, तर डबीवरची एक कळ दाबायची. ती दाबली की तेवढी जागा चित्रात कोरी राहते. आम्ही तिला रिकामी कळ म्हणत होतो. हॉल पाइटलमध्ये ती दाबायची वेळच येत नाही. कुंपणाशी एक ॲशचं झाड आहे, बाकी सगळं गवत.

रोझलिंडचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती बांधावर खुर्ची टाकून हुकूम सोडायची. मी दोरीच्या टोकाशी विणकाम घेऊन बसायची. मधला चालण्याचा भाग क्लिफर्डचा. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून गावात त्याची ख्याती होती, म्हणून तर रोझलिंडनं त्याला निवडलं. या कामात तेवढंच लागतं.

२

रोझलिंडकडे आम्ही चित्र बघायला गेलो ती रविवारची दुपार होती. तिनं सीड केक केला होता. तो नेहमीसारखा कोरडा होता आणि आम्ही तो नेहमीसारखा छान म्हणून खाल्ला. मग तिनं कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला.

खंदक असा उमटला होता की मीसुद्धा चहाचा कप खाली ठेवला. चारही बाजू ओल्या मातीच्या, काळ्याशार, कोपरे काटकोनात. उत्तरेला पट्टा थोडा तुटलेला, तिथून आत जायची वाट असणार. रोझलिंडचे डोळे भरून आले होते. तिनं क्लिफर्डच्या पाठीवर थाप मारली आणि मग चष्मा वर करून म्हणाली की एवढीच एक गडबड झाली आहे, बघ.

खंदकाच्या आतल्या जागेत, अगदी मधोमध, कोऱ्या चौकटी होत्या. एका ओळीत, मग वळून दुसऱ्या ओळीत, मग परत. कुणी खोडरबरानं लांबट चौकोनाची बाह्यरेषा पुसून काढावी तशी. त्या रेषेच्या आतला सगळा भागही कोराच होता.

रोझलिंडला वाटलं की त्याचं बोट कळीवर पडलं असणार. ती चेष्टेनं म्हणाली, "क्लिफर्ड, डुलकी लागली होती का रे?"

"मग काय भिंतीत खुपसू सुया?" क्लिफर्ड म्हणाला.

रोझलिंड मोठ्यानं हसली. तिला तो विनोद वाटला. क्लिफर्ड हसला नाही, त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला. तो विनोद करतो तेव्हा त्याची डावी भुवई वर जाते, हे मला चाळीस वर्षांच्या संसारातून माहीत आहे. त्या दिवशी भुवई जागची हलली नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. कारण क्लिफर्डचा थोरला भाऊ लेनर्ड. तोही असाच एकदा जेवणाच्या टेबलावर शांतपणे म्हणाला होता की बाहेर घोडे उभे आहेत, त्यांना पाणी दाखवलं पाहिजे. आम्ही सगळे हसलो होतो. पुढच्या वर्षी त्याला स्वतःची बायको ओळखता येईना, आणि शेवटी ज्या वृद्धाश्रमात त्याला ठेवलं तिथं आम्ही गेलो की तो क्लिफर्डला साहेब म्हणायचा. लेनर्डला पुरून आलो त्या दिवशी क्लिफर्डनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. माझं डोकं फिरायला लागलं तर मला सांग, एनिड. लाडीगोडी नको, त्या गोड आवाजात बोलणं नको, सरळ सांग. मी हो म्हटलं होतं.

३

त्या संध्याकाळी भांडी धुताना मी विषय काढला. सहज विचारल्यासारखं विचारलं की ती भिंतीची काय गंमत होती.

तो ताटली पुसत होता. त्याचे हात थांबले. "गंमत कसली? तू तर तिथंच होतीस की. दोरी तूच धरली होतीस."

मी म्हटलं, मी विणत होते, माझं लक्ष नव्हतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवते आहे. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. त्याला लेनर्ड आठवला होता. तो घाईघाईनं म्हणाला की चेष्टा केली गं, बोट पडलं असेल कळीवर, रोझलिंड म्हणते तसं. ताटली चुकीच्या कपाटात ठेवली, मग पुन्हा काढून बरोबर कपाटात ठेवली.

सकाळी त्यानं आपणहून सांगितलं की त्याला भिंत पाहिल्याचं नीटसं आठवत नाही. फक्त वळसा घालावा लागला एवढं आठवतं. आपण बाजारात गर्दीतून जातो तेव्हा कोणाकोणाला चुकवलं हे घरी येऊन आठवतं का, असं त्यानं मला विचारलं. मला ते पटलं. अर्धा तास पटलेलं होतं. मग मला आठवलं की बाजारात माणसं असतात.

४

डॉक्टरकडे जाऊ या, असं तोच म्हणाला. ज्याचं डोकं गेलं तो आपणहून डॉक्टरकडे जाईल का? लेनर्ड तर दाराच्या चौकटीला धरून बसला होता. पण असंही वाटलं की घाबरलेला माणूस आपणहूनच जातो.

डॉक्टर तरुण होती, शांत होती. तिनं त्याला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, तीन शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. तो एकाही ठिकाणी चुकला नाही. वजाबाकी तर मला यायच्या आधी त्याची झाली. ती म्हणाली, या वयात बोट कळीवर पडणारच, तुमच्या वयाची माणसं असली चार कामं करत नाहीत, आनंद आहे. बाहेर आल्यावर क्लिफर्डनं गाडीत बसून एवढा मोठा श्वास सोडला की काच धुरकटली. त्यानं माझा हात हातात घेतला. आमच्यात हे नेहमीचं नाही.

मला मात्र बरं वाटेना. डॉक्टरच्या खोलीत भिंत नव्हती. तिथं तिनं विचारलेलं सगळं त्याला येणारच. आणि त्याचं डोकं खरोखर ठिकाणावर असेल, तर मग त्यानं वळसा कशाला घातला? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि लगेच चहा ठेवायला उठले.

दोन दिवसांनी अंडी आणायला गॅरडकडे गेले. डडली गॅरड म्हणजे गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. बायकोला मागणी घालतानाही त्यानं फक्त बोट दाखवलं होतं म्हणतात. मी उगाच विचारलं की हॉल पाइटलमध्ये गवत कापतोस तेव्हा यंत्र सरळ नेतोस की कसं. तो विचारात पडला. मग म्हणाला की मधे जरा वळवतो.

"का वळवतोस?"

"म्हातारा वळवायचा."

"तो का वळवायचा?"

"सरळ नेलं तर वळून येतं," डडली म्हणाला आणि अंड्यांची पेटी माझ्या हातात दिली. "कशाला उगा डोकं फोडायचं. गवत काय, तिकडनंही तेवढंच निघतं."

मी घरी येईपर्यंत त्या वाक्याचे दोन अर्थ लावले आणि दोन्ही मोडीत काढले. शेतकरी माणूस, बापानं नांगर जसा फिरवला तसा हाही फिरवणार. यात नवल ते काय? पण मग मला हायसं का वाटलं होतं, तेही कळेना. आणखी एक माणूस तिथून वळतो हे ऐकून मला आनंद झाला होता, एवढं खरं.

५

रोझलिंडला ती कोरी जागा भरून हवी होती. तिनं पुन्हा दोऱ्या टाकायला लावल्या. या खेपेला मी विणकाम घरी ठेवलं आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

उन्हं छान पडली होती. चंडोल वर कुठंतरी गात होते. दोरी गवतावर सरळ पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी स्वतः ताणून बघितली होती. क्लिफर्ड टोचत आला. डबी वाजली, पाऊल. डबी वाजली, पाऊल. मधोमध येऊन तो थांबला. कळ दाबली. मग त्यानं यंत्र उचलून खांद्याशी धरलं, एका अंगाला वळला, आणि गवतावरून लांब वळसा घालून पलीकडे दोरीवर परत आला. तो ठेचकाळला नाही, बिचकला नाही, वर बघितलं नाही. आपण टेबलाला वळसा घालतो तितक्या सहज.

दुसऱ्या खेपेला वळताना त्यानं आधारासाठी हात लांब केला. तळहात हवेत टेकला. मी त्याच्यापासून लांब नव्हते. त्याच्या बोटांची टोकं चपटी झालेली मी पाहिली, काचेला नाक लावल्यावर पोरांचं होतं तशी. ऊन डोळ्यांवर होतं, हे मान्य आहे. मी चष्मा पुसून परत घातला तोवर हात खाली आला होता.

मग तो पलीकडे गेल्यावर मी त्याला हाक मारली. तो मला स्पष्ट दिसत होता, आमच्या मधे फक्त गवत होतं. त्यानं उत्तर दिलं, त्याचे ओठ हललेले दिसले. आवाज मात्र शेजारच्या घरातून यावा तसा आला. दबलेला, कुठल्यातरी कडेनं फिरून आलेला. वारा असेल. वाऱ्यानं आवाज इकडचा तिकडे होतो, हे रोझलिंडही म्हणाली. त्या क्षणी ॲशचं पान हलत नव्हतं हे मी तिला बोलले नाही.

६

त्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर आमची मुलगी मॅरियनचा नॉर्विचहून फोन आला. रोझलिंडनं तिला कळवलं होतं, काळजीपोटीच. मॅरियननं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की ती येत्या शनिवारी दुपारी येते, येताना लेनर्डला ठेवलं होतं तसल्या एका जागेची माहिती आणते. चांगली जागा आहे, बाग आहे, लवकर नाव घातलं तर खोली मिळते. मी म्हटलं, अगं, डॉक्टर म्हणाली तो बरा आहे. ती म्हणाली, आई, तुझ्याच तोंडून ऐकतेय ना मी की बाबा नसलेल्या भिंतीला हात लावतात. 

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा कुरणात होतो. रोझलिंड चहाची पिशवी विसरली म्हणून गाडीकडे गेली होती. क्लिफर्ड आणि मी बांधावर बसून चीजचं सँडविच खात होतो. मी ठरवलं की आता आडपडदा नको. भिंत तुला दिसते का, असं सरळ विचारलं.

त्यानं तोंडातला घास संपवला. मग म्हणाला की दिसते असं नाही म्हणता येणार. आहे. आपल्या घरात अंधारात जिना कुठं आहे ते जसं माहीत असतं. बघायला गेलं की गवत दिसतं.

"दार आहे?"

"त्या अंगाला. वाट येते तिकडे." त्यानं उत्तरेकडे बोट केलं, जिथं चित्रात खंदक तुटला होता.

"आत कोणी आहे?"

"असतील. भांड्यांचा आवाज येतो. बाक ओढतात." तो जरा अवघडला. "लोकांच्या घराला कान लावून बसायचं नसतं, एनिड."

"मग आत जाऊन बघितलं का नाहीस?"

"बोलावलं कुठं कोणी?" तो म्हणाला. हे वाक्य इतकं त्याचं होतं, इतकं माझ्या क्लिफर्डचं, की मला रडू आवरेना. स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडेसुद्धा दार उघडं असलं तरी वाजवल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस हा. मी तोंड फिरवलं. तो सावकाश म्हणाला, "मला लेनर्डसारखं झालंय का? तू कबूल केलं होतंस."

मी काय सांगणार होते? भिंत नसेल, तर मॅरियन बरोबर आणि तो गेला. भिंत असेल, तर तो ठणठणीत, पण मग तिथं जे काही आहे त्याचं काय करायचं? कुठल्या बाजूनं देवाला हात जोडावेत हेच मला कळत नव्हतं. शेवटी मला एवढंच सुचलं की यावर एक सोपा उपाय आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

मी स्कर्टवरचे पावाचे कण झटकले आणि उठले.

७

मी दोरीवरून चालत निघाले. सरळ, मधोमध. मागून क्लिफर्डनं हाक मारली.

"एनिड, तिथून नको. जायचंच तर दारानं जा."

मी थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते. पायाखाली गवत, त्यात पिवळी फुलं, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या. तो वळायचा ती जागा आली. मी हात पुढे केले नाहीत, आंधळी कोशिंबीर खेळायची नव्हती मला. एक पाऊल टाकलं. आणखी एक. कानात किंचित दडा बसल्यासारखं झालं आणि संपलं. मी पलीकडे होते. गवतच होतं, थोडं थंड, सावलीतल्यासारखं.

म्हणजे भिंत नव्हती. मी तिथंच उभी राहिले. माझा माणूस चालला, हे मला तेव्हा कळलं, डॉक्टरनं काहीही म्हटलं तरी. आता मागं वळायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि सरळ सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. मी नाक पुसलं आणि वळले.

क्लिफर्ड उभा राहून मला शोधत होता.

तो माझ्या मागोमाग बांधावरून त्याच्या वळायच्या जागेपर्यंत आला होता, इतका जवळ की त्याच्या स्वेटरला मी लावलेलं ठिगळ मला दिसत होतं. त्याची नजर माझ्यावरून गेली, पुढे गेली, परत आली. त्यानं कपाळावर आडवा हात धरला. मी हात हलवला. तो कुंपणाकडे बघायला लागला. माझ्या मनात आलं, हे तर आणखीच वाईट, आता याला मीसुद्धा दिसत नाही.

तेवढ्यात रोझलिंड फाटकातून आत आली, हातात चहाची पिशवी. तिनं क्लिफर्डकडे पाहिलं, मग कुरणभर पाहिलं. सबंध कुरणात लपायला जागा नाही आणि मी मधोमध लाल जाकीट घालून उभी होते.

"एनिड कुठं गेली?" ती म्हणाली. आवाज शेजारच्या घरातून यावा तसा आला.

मला काय झालं ते सांगते, लाज न बाळगता सांगते. मला आनंद झाला. एवढा आनंद लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. रोझलिंडलाही मी दिसत नव्हते. म्हणजे क्लिफर्डचं डोकं ठीक होतं, पहिल्यापासून ठीक होतं. तो एकटाच सगळ्यांमध्ये शहाणा होता. मी मोठ्यानं ओरडले, क्लिफर्ड, तुझं बरोबर होतं, तुला काही झालेलं नाही, ऐकलंस का, काही झालेलं नाही. तो रोझलिंडशी बोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

मग मी त्याच्याकडे निघाले, आले त्याच वाटेनं, आणि माझे हात कशावर तरी आपटले. काही दिसत नव्हतं. ओबडधोबड होतं, गार, हाताला गवताचे तुकडे लागत होते, माती आणि गवत मळून लिंपलं की लागतात तसे. मी डावीकडे चाचपडले, उजवीकडे चाचपडले. समोर ऊन होतं, माझा नवरा होता, बांधावर माझं अर्धं सँडविच होतं.

माझ्या पाठीमागे कोणीतरी खोकलं, घरात बसलेलं माणूस खोकतं तसं.

मी वळले नाही. वळून गवत दिसलं असतं की दुसरं काही, याचा निर्णय मला करायचा नव्हता. लाकडाचा धूर येत होता. मी क्लिफर्डवरची नजर काढली नाही.

त्यानं रोझलिंडला हातानं थांब अशी खूण केली. मग तो वळसा घालून उत्तरेच्या अंगाला गेला. मी आतून त्याच्याबरोबर सरकत गेले, हात त्या गार लिंपणावर ठेवून. तो एका जागी उभा राहिला, बूट गवताला पुसले, मूठ उचलली आणि हवेत वाजवली. इकडे माझ्या शेजारी जाड लाकूड वाजलं. मागे बाक सरकलं. कोणीतरी माझ्या अंगावरून गेलं, घाई नाही काही नाही, आणि माझ्या पायाजवळचं गवत दबलं, उठलं, पुढचं दबलं. कडी निघाल्याचा आवाज आला.

क्लिफर्डनं टोपी काढून छातीशी धरली. तो थोडा वर बघत होता, पायरीवरच्या माणसाकडे बघतात तसं.

"त्रास देतो, माफ करा," तो म्हणाला. "माझी बायको इकडे आत आली आहे का?"

मी इथं आहे म्हणून मी ओरडले. अगदी त्याच्या तोंडासमोर ओरडले. बाहेर पडायला गेले, तर दारात उभं असलेलं, न दिसणारं कोणीतरी आडवं आलं. माझ्या खांद्याजवळून कोणीतरी काहीतरी बोललं, अगदी थोडं. शब्द मला कळले नाहीत. क्लिफर्डला कळले असावेत, कारण त्यानं ऐकून मान हलवली.

"बरं बरं. आभारी आहे," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवली. परक्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं त्याला जमतच नाही. लाकूड पुन्हा वाजलं, कडी बसली.

रोझलिंड त्याच्यापाशी लंगडत आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कोणाशी बोलत होतास, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की इथं विचारलं, इथं नाही आली म्हणतात. तिनं त्याच्या कोपराला हात घातला.

"चल हं क्लिफर्ड," ती म्हणाली, गोड, हळू आवाजात. "आपण गाडीत बसू या. मॅरियन येईलच आता. चल, शहाणा ना तू."

तो आवाज त्यानं ओळखला. मी पाहिलं. लेनर्डशी आम्ही सगळे त्याच आवाजात बोलत होतो. त्याचे खांदे खाली आले, त्यानं एकदा कुरणभर नजर फिरवली, आणि मग म्हाताऱ्या माणसासारखा, तिचा हात धरून, तो फाटकाकडे चालू लागला. मी आतून भिंतीला दोन्ही हात लावून त्याला सांगत होते की तुझं डोकं ठीक आहे, क्लिफर्ड, अगदी ठीक आहे. मागे कोणीतरी बाक माझ्यासाठी पुढे ओढलं.